सासऱ्यांच्या माउसची बटणं

माझे सासरे देवळाली प्रवरा गावचे, शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले. मी त्यांना मामा म्हणतो. अर्धांगाच्या झटक्याने त्यांचा उजवा हात गेला, तेव्हा त्यांनी कॉम्प्युटरवर डाव्या हाताने चित्रं काढायला घेतली. एका रविवारी आम्ही सावेडीहून भेटायला गेलो, तेव्हा ते माउस डावीकडे ठेवून मधल्या बोटाने डावं बटण दाबत होते. बोट जरा वाकडं पडत होतं. त्यांना त्रास होतोय, हे मी दारातूनच ठरवून टाकलं.

त्याच आठवड्यात मी ऑफिसात एक नवी गोष्ट शिकलो होतो. विंडोजच्या पोटात तयार फंक्शन्सच्या, म्हणजे एकेक काम करून देणाऱ्या छोट्या तुकड्यांच्या, लायब्रऱ्या असतात. आपला पायथन भाषेत लिहिलेला प्रोग्राम चालू असतानाच त्यातली हवी ती लायब्ररी उघडायची आणि फंक्शनला नावाने हाक मारायची. माउसची बटणं अदलाबदल करणारं फंक्शनही त्यात होतं, म्हणजे मामांना मुख्य बटण तर्जनीने दाबता आलं असतं. चार ओळींचं काम. मी मात्र ते दुपारभर केलं, कारण सासूबाई चहा घेऊन आल्या की प्रत्येक वेळी त्यांना नव्याने समजावून सांगत होतो. फंक्शनला चुकीच्या प्रकारची माहिती दिली तर प्रोग्राम जागीच कोसळू शकतो, हे मी असं सांगितलं, जणू जिवावरचं काम करतोय. त्या बिचाऱ्या प्रत्येक वेळी "व्हय का" म्हणाल्या.

कॉम्प्युटर सुरू झाला की बटणं आपोआप बदलतील, अशी सोय करूनच मी उठलो. मामा "छान" म्हणाले. परतताना वाटेत मी स्वतःवर भलताच खूश होतो.

पुढच्या खेपेला गेलो, तर माउसवर धूळ. मामांनी चित्रं काढणंच सोडलं होतं. बायकोने सेटिंग उघडलं आणि म्हणाली, "अहो, बटणं बदलायची सोय इथेच आहे की." मी म्हणालो, माहीत होतं. माहीत नव्हतं.

तिने मामांना खोदून विचारलं, तेव्हा ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "दवाखान्यातनं आल्यावर या बोटाला जुन्याच बटणांची सवय लावली हुती. आता हात पुन्हा गोंधळतो. पन जावयांनी एवढी मेहनत घेतली, मग कसं सांगावं?"

मी खाली मान घालून प्रोग्राम काढून टाकला. एवढ्या लायब्रऱ्या पालथ्या घातल्या, पण समोर बसलेल्या माणसाला एक प्रश्न विचारायचं सुचलं नव्हतं.

दुपारी मामांनी कॉम्प्युटरवर अंगणातल्या कडुलिंबाचं चित्र काढलं. रेषा थरथरत होती, पण झाड ओळखू येत होतं. ते बराच वेळ काढत बसले.

संध्याकाळी गाडीत बसल्यावर मी बायकोला म्हणालो, थरथरती रेषा आपोआप सरळ करणारं काहीतरी लिहिता येईल.

"आधी त्यांना विचारा," ती म्हणाली.