शोभाताईंनी न सोडलेली शेवटची स्टेज

ज्या बाईला मी भर पावसात शंभर लोकांसमोर वाट्टेल ते बोललो होतो, त्या शोभाताई आज पहाटे गेल्या.

अटॅक आला. घरीच. दवाखान्यात न्यायलाही वेळ मिळाला नाही.

नाशिकच्या कार रॅलीवाल्यांना ताई कोण ते सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगतो.

ओझरला विमानाच्या कारखान्यात त्या तीस वर्षं इन्स्पेक्शनला होत्या. रिटायर झाल्या आणि रेनकोट घालून थेट रॅलीच्या स्टार्ट लाइनवर येऊन उभ्या राहिल्या. स्टेजची, म्हणजे वेळ लावून गाड्या पळवायच्या एकेका टप्प्याची, सगळी जबाबदारी त्यांची. त्यांनी झेंडा हलवल्याशिवाय एकही गाडी सुटत नसे.

म्हणायच्या, "आयुष्यभर 'नाही' म्हणायचाच पगार घेतलाय मी."

सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. जुलै महिना. त्र्यंबकच्या पुढच्या डोंगरातली रॅली, रविवार दुपारची शेवटची स्टेज.

शनिवारपासून पाऊस थांबला नव्हता. सकाळची स्टेज धुक्यामुळे दीड तास उशिरा सुटली. सर्व्हिस पार्कमध्ये इतका चिखल, की जॅक जमिनीत रुतायचा. मेकॅनिक खाली फळ्या टाकून गाड्या उचलत होते. निम्म्या गाड्या घसरून नाहीतर इंजिनात पाणी जाऊन बाद झालेल्या.

मी मात्र खूश होतो.

कोरड्या रस्त्यावर माझी जुनी जिप्सी पहिल्या पाचातही नसायची. चिखलात सगळे सारखे. त्या दुपारी मी दुसरा होतो, फक्त चार सेकंदांनी मागे. आठ वर्षं धावत होतो. पहिला कधीच आलो नव्हतो.

शेजारी समीर. माझा नॅव्हिगेटर, कॉलेजपासूनचा दोस्त. मांडीवर वही. पुढचं वळण कसं आहे ते वाचून सांगायचं काम त्याचं.

हेल्मेट घालून आम्ही लाइनवर आलो. तेवढ्यात ताईंच्या वॉकीटॉकीवर आवाज आला. स्टेजच्या मध्ये एक ओढा आहे, त्यावर फरशी पूल. तिथे रस्त्यावर लक्ष ठेवायला उभा असलेला मार्शल बोलत होता. जवळच्याच पाड्यावरचा माणूस.

"मॅडम, फरशीवरून पानी चाललंय. गुडघाभर हाय. जिप्सी निघंल. अँब्युलन्स नाय निघायची."

ताईंनी झेंडा गुंडाळला आणि काखेत धरला.

"स्टेज कॅन्सल."

मी गाडीतून उतरलो. "ताई, गाडी निघेल म्हणतोय ना तो."

"गाडी निघेल. पण पलीकडे उलटलास तर तुझ्यापर्यंत अँब्युलन्स कशी येणार?"

"मला नको अँब्युलन्स. लिहून देतो."

"ते तू ठरवायचं नाही."

मग मी सुटलो. काय काय बोललो ते इथे लिहीत नाही. 'घाबरट बाई' हा त्यातला सगळ्यात सभ्य शब्द होता. मागच्या गाड्यांचे हॉर्न वाजत होते. काही ड्रायव्हर उतरून ताईंच्या अंगावर आले.

आयोजकांपैकी एक जण छत्री घेऊन आला. हळू आवाजात म्हणाला, "मॅडम, स्पॉन्सर येऊन बसलेत. पंधरा मिनिटं थांबू आणि सोडून देऊ."

"वर डोंगरात अजून पडतोय. मी सोडणार नाही. दुसऱ्या कुणाच्या हातात झेंडा द्यायचा असेल तर द्या. पण तसं कागदावर लिहा आणि खाली सही करा."

सही कुणी केली नाही.

मग ताई माझ्या गाडीच्या डाव्या खिडकीशी वाकल्या. समीरला विचारलं, "तुला जायचंय का?"

समीर वहीकडे बघत राहिला. मला वाटलं, पावसात त्याला ऐकू आलं नसेल.

रॅली तिथेच संपली. मी दुसरा.

आणि तासाभरात ढग पांगले. चक्क ऊन पडलं. संध्याकाळी ओढाही उतरला. काही म्हणजे काही झालं नाही.

मग काय, वर्षभर लोक ताईंना हसले. पुढच्या वर्षी अधिकाऱ्यांच्या यादीतून ताईंचं नाव गेलं. ताई तरीही आल्या. साध्या मार्शल म्हणून, एका वळणावर, गळ्यात शिट्टी अडकवून.

कुणी टोमणा मारला तर शांतपणे म्हणायच्या, "काही झालं नाही म्हणजे मी चुकले, असं होत नाही."

त्या रविवारी परत येताना त्र्यंबक रोडला आम्ही चहाला थांबलो. मी अजून ताईंच्या नावाने खडे फोडत होतो.

समीर म्हणाला, "बरं झालं थांबवली."

मी चहाचा ग्लास खाली ठेवला.

"सकाळपासूनच मला जायचं नव्हतं. वही भिजलेली, अर्धी वळणं वाचताच येत नव्हती. सांगणार होतो तुला. तुझा चेहरा बघून धीर झाला नाही."

आठ वर्षं तो माझ्या शेजारी बसत होता. 'जायचंय का' हे मी त्याला एकदाही विचारलं नव्हतं. ताईंनी विचारलं.

पंधरा दिवसांनी ताईंच्या घरी गेलो. दारातच म्हटलं, "सॉरी."

"आत ये, चहा ठेवते. आणि सॉरी समीरला म्हण."

म्हटलं. फोनवर नाही, त्याच्या घरी जाऊन.

हे सगळं आज का लिहितोय? कारण सकाळी आपल्या ग्रुपवर श्रद्धांजलीच्या मेसेजमध्ये एकाने लिहिलं, "मॅडम ग्रेट होत्या, पण त्या दिवशी उगाच घाबरल्या."

मित्रा, शंभर जण ओरडत होते. आम्ही अंगावर धावून गेलो होतो. झेंडा काखेतून हलला नाही. घाबरलेलं माणूस असं उभं राहत नाही.

सोडलं असतं तर कदाचित काहीच झालं नसतं. कदाचित मी जिंकलोही असतो.

तरीही ताई बरोबर होत्या.

ज्याला पटत नसेल त्याने खाली कमेंटमध्ये येऊन भांडावं. मी दिवसभर इथेच आहे.

अंत्यविधी संध्याकाळी पाच वाजता, पंचवटी अमरधाम. समीर पुण्याहून निघालाय.

ताई, नीट जा. आम्हा दोघांचा शेवटचा नमस्कार.