पाण्याचं टेशन

ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका होतील, त्याची आधीच माफी मागते. अक्षरही कोंबडीच्या पायासारखं आहे. चौथी झाली आणि शाळा सुटली. त्यानंतर पेन हातात धरलं ते राशनच्या दुकानात आणि लेकीच्या शाळेत सही करायला. मेसमध्ये पोळ्या लाटून लाटून बोटं ताठ होतात, म्हणून ओळही सरळ जात नाही. ही वही लेकीची आहे, मागची पानं कोरी होती. कुणी वाचावं म्हणून लिहीत नाही. पण एक गोष्ट मी बावीस वर्षं तोंडानं बोलले नाही, ती निदान कागदावर नीट उतरावी असं वाटतं.

मी आता नांदेडला असते. माहेर लातूरचं. लहानपणी लातूरला गावात जुनं टेशन होतं, छोट्या रुळांचं. गाडी इतकी हळू चालायची की उतरून लघवीला जाऊन माणूस परत चढायचा, असं लोक हसून सांगत. माझी माय त्या टेशनावर उकडलेल्या शेंगा विकायची. चौथीनंतर मी तिच्यासोबत बसू लागले. माय ओरडायची, मी पुडे बांधायची. मला ओरडता येत नव्हतं. अनोळखी माणसानं नुसतं बघितलं तरी माझी मान खाली जायची. अजूनही जाते.

टेशनांना आमच्याकडे फळीवरची नावं नव्हती. ती वाचणार कोण? आम्ही विकणाऱ्या बायका चिंचेचं टेशन, वळणाचं टेशन, टाकीचं टेशन अशी नावं घ्यायचो. गाडीतल्या बायकाही तशीच घ्यायच्या. मी मात्र त्या गाडीत कधी बसले नाही. माझं टेशन एकच, तेही फलाटापुरतं.

बाजाराच्या दिवशी एक बाई यायची. ती वाकळा शिवायची, जुन्या लुगड्यांच्या गोधड्या. सकाळच्या गाडीनं डोक्यावर वाकळांचं गाठोडं घेऊन उतरायची आणि संध्याकाळी रिकाम्या हातानं परत चढायची. चढायच्या आधी मायकडून शेंगांचा पुडा घ्यायची. "मी पाण्याच्या टेशनला उतरते, तवर पुरत्यात," असं म्हणायची. तिचं नाव आम्ही कधी विचारलं नाही. ती वाकळवाली, एवढंच.

एकदा तिनं शंभराची नोट दिली. वाकळ विकून आलेली, कोरी. मायकडे सुट्टे नव्हते. माय टपरीवर पळाली, तेवढ्यात गाडी हलली. वाकळवाली खिडकीतून म्हणाली, "ऱ्हाऊ दे, पुढच्या बाजाराला दे." यात नवल काही नव्हतं. त्या गाडीला सगळेच असं करायचे. आज राहिलेले पैसे पुढच्या खेपेला.

पुढच्या बाजाराला मायला ताप होता. तिनं उरलेले पैसे मोजून माझ्या रुमालात बांधले. म्हणाली, "वाकळवाली उतरली की हाक मार आन् हातात दे." मला एवढंच करायचं होतं. मावशी म्हणून एक हाक मारायची. गाडी आली, गर्दी उतरली. ती उतरली, तिनं आमच्या जागेकडे बघितलं. माय दिसली नाही म्हणून ती थांबली. मी पार्सलच्या खोक्यांमागे उभी होते. माझ्या तोंडातून शब्द फुटला नाही. संध्याकाळी देऊ असं ठरवलं. संध्याकाळी फलाटावर चहावाला आणि हमाल पोरं थट्टा करत उभी होती, त्यांच्यासमोरून तिच्या डब्यापर्यंत जायचं माझ्यानं झालं नाही. घरी गेले.

मायनं झोपूनच विचारलं, "दिले का?"

मी म्हणाले, "दिले."

पुढच्या खेपेला नक्की देणार होते. खरंच देणार होते.

पण पुढच्या बाजाराला माय बरी होऊन टेशनावर आली. संध्याकाळी वाकळवाली खिडकीतून हसत म्हणाली, "बाई, माझे पैसे ऱ्हायले की तुझ्याकडं."

"कंचे? मागच्या बाजारालाच दिले पोरीनं."

"न्हाई गं. पोरगी दिसलीच न्हाई मला."

"दिसली न्हाई? एवढी ताडाएवढी पोरगी दिसली न्हाई? शेंगांची टोपली बरी दिसती तुला लांबून!"

लोक हसले. लोक हसले की माय थांबत नसे. "वाकळंला ठिगळं लावतीस तशी थापांना बी लावतीस का गं? एका नोटंवर दोनदा पैसे घेती म्हनं!"

वाकळवालीचा चेहरा उतरला. "तुझ्या पोरीलाच इचार," ती म्हणाली.

माय माझ्याकडे वळली. "दिले का न्हाई गं?"

सगळा डबा माझ्याकडे बघत होता. मी मान हलवली. हो म्हणून.

वाकळवाली माझ्याकडे बघत राहिली. रागानं बघितलं असतं तर बरं झालं असतं. मग ती म्हणाली, "आसंल. माझ्याच ध्यानातनं गेलं आसंल." आणि खिडकीतून आत सरकली.

त्यानंतर ती आमच्याकडे आली नाही. फलाटाच्या दुसऱ्या टोकानं जायची. काही दिवसांनी छोटी गाडी बंद झाली, मोठ्या रुळांचं काम निघालं. टेशन दुसरीकडे गेलं. रुमालातले पैसे माझ्याकडे होते. त्यांचं मी काही मोठं केलं नाही. रिबीन घेतली, एक कंगवा घेतला, दोनदा भेळ खाल्ली. असेच गेले.

माय ही गोष्ट विसरली नाही. दर दिवाळीला मी माहेरी गेले की माझी लेक म्हणते, "आजी, त्या खोटारड्या वाकळवालीचं सांग ना." आजी आवाज काढून सांगते, ठिगळांचं वाक्य दोनदा म्हणते, पोरं लोळून हसतात. मी उठून भांडी घासायला घेते. यंदा लेकीनं मला विचारलं, "आई, तू तिच्या तोंडावर काय बोललीस?" मायच म्हणाली, "ती काय बोलंल? मुखदुर्बळ हाय. पण माझी लेक खोटं कधी बोलली न्हाई." त्या रात्री मी ठरवलं की त्या बाईला शोधायचं. पैसे द्यायचे आणि खरं सांगायचं. आणखी एक दिवाळी मला ते ऐकवणार नव्हतं.

मायला विचारता येत नव्हतं, म्हणून सगळं एकटीनं शोधायचं होतं. हातात फक्त नाव होतं, पाण्याचं टेशन. मेसला पंधरा दिवसांनी एक सुट्टी असते. पहिल्या सुट्टीला पहाटेची एसटी धरली. लोहा, अहमदपूर, चाकूर, सगळा रस्ता झोपेतच गेला. लातूरला जुन्या टेशनाच्या जागी गेले तर तिथं रस्ता. गाड्या, हातगाडे, पाट्या. आम्ही बसायचो ती जागा कुठली तेही कळेना. एका रसवंतीच्या मांडवाला मात्र रुळाचा तुकडा रोवलेला होता. छोट्या गाडीचा, बारीक. मी त्याला हात लावून बघितला. तापला होता.

रसवंतीवाल्यानं सांगितलं की गावाबाहेर जुन्या लाईनीचा भराव अजून आहे, लोक बैलगाड्या नेतात त्यावरून. तिथून रिक्षा, मग चालणं. रूळ काढून नेलेत, पण भराव तसाच आहे, शेतांच्या मधून उंच, कडेला बाभळी. मला आठवत होतं, एका टेशनावर दगडी टाकी होती, तिथं इंजिन पाणी घ्यायचं असं बायका बोलत. टाकीचं टेशन आणि पाण्याचं टेशन ही एकाच टेशनाची दोन नावं असणार, असं मी धरलं. दीड तास चालले. चपलेचा अंगठा तुटला, तो पदराच्या चिंधीनं बांधला.

टाकी सापडली. गोल, दगडी, आत पिंपळ उगवलेला. टेशनचं छप्पर नव्हतं. तिकिटाच्या खिडकीची लाकडी झडप होती, खिडकीच्या गजाला शेळी बांधलेली. आतून एक म्हातारा म्हणाला, "तिकीट पायजे का माय? गाडी लेट हाय."

मी पिशवी छातीशी धरली. तो बाहेर आला, माझ्या पिशवीकडे बघून म्हणाला, "मोजनीवाली हायस का? ह्या जागेचं काय करून राहिलंय सरकार?"

मी कसंबसं म्हणाले, "नाही बाबा. पाण्याच्या टेशनची एक बाई शोधते. वाकळा शिवणारी."

"मग हितं कशाला आलीस? हे टाकीचं टेशन."

"टाकीत पाणी होतं ना?"

"व्हतं की. म्हून ह्याला टाकीचं म्हनायचे. पान्याचं टेशन तिकडं, म्होरं. तिथं पानी थेंबभर नव्हतं. टेशनच्या मान्सांसाठी गाडीला पान्याचा डबा लागून यायचा. सगळं गाव घागरी घिऊन गाडीची वाट बघायचं. गाडी आली का पानी, म्हून पान्याचं टेशन." तो हसला. "तू लातूरची दिसतीस. लातूरची आसून तुला एवढं कळंना व्हय? लातूरला बी रेल्वेनंच पानी आलं व्हतं की."

मी तिथंच दगडावर बसले. पाय सुजले होते आणि परतीची एसटी गाठायची होती. म्हाताऱ्यानं तांब्याभर पाणी दिलं. पुढे कसं जायचं तेही सांगितलं. टेशन पडलंय म्हणाला, पण लाईनीच्या कडेला घागरी ठेवायचा कट्टा आहे, त्यावरून ओळख.

नांदेडला घरी पोचले तेव्हा नवरा म्हणाला, "माहेरी गेली होतीस का रोजगार हमीवर?" मी हसले. पाय दाबायलाही कंटाळा आला होता.

पुढच्या सुट्टीला पुन्हा निघाले. खरं सांगते, जाऊच नये असं वाटत होतं. पंधरा दिवसांत एक दिवस झोपायला मिळतो. बसमध्ये दोनदा वाटलं की चाकूरला उतरावं आणि माघारी फिरावं. ती बाई जिवंत तरी असेल का? असली तरी तिला आठवेल का? पण मला आठवत होतं, म्हणून उतरले नाही.

या वेळी दुसऱ्या बाजूनं गेले, जवळ पडलं. कट्टा लांबून दिसला. लांबच लांब दगडी कट्टा, आणि त्यावर ओळीनं गोल खळगे. घागरी ठेवून ठेवून, ओढून ओढून दगड झिजलेला. मी एका खळग्यावरून हात फिरवला. कट्ट्यापलीकडे टेशनची एक खोली आणि फरसबंदी फलाट तेवढा शिल्लक होता. त्या फरशीवर एक वाकळ पसरलेली होती, चारी कोपऱ्यांवर दगड ठेवलेले. मधोमध बसून एक म्हातारी मोठे टाके घालत होती.

वाकळ अंथरायला सपाट जागा लागते. गावात एवढी सपाट फरशी दुसरी नव्हती. म्हणून ती टेशनावर येऊन शिवत होती.

मी वाकळेच्या कडेला उभी राहिले. बावीस वर्षांपूर्वी जी हाक मारायची होती ती मारली. "मावशी."

तिनं वर बघितलं. "वाकळ टाकायची का? लुगडी तुमची द्यावी लागतील."

"मी लातूरच्या शेंगावालीची लेक."

सुई थांबली. तिनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "ती ताडाएवढी?"

मी पिशवीतून पैसे काढले. शंभरातून पुड्याचे पाच वजा करून पंच्याण्णव रुपये मोजून आणले होते, रुमालात बांधून. "तुमचे पैसे. मी दिले नव्हते. मायला खोटं सांगितलं. मान हलवली ती पण खोटी."

तिनं रुमालाला हात लावला नाही. "तुझी माय हाय का?"

"आहे. लातूरलाच, भावाकडे."

"तिला म्हाईत हाय का हे?"

मी मान हलवली. नाही म्हणून.

"मग माझ्या हातात कशाला देतीस? मला गाडीभर मान्सांत खोटी म्हनली ती तुझी माय. तिला सांग आधी."

मी फोन लावला. तिलाही ऐकू यावं म्हणून आवाज मोठा करून फोन फरशीवर ठेवला. माय म्हणाली, "कोन मेलं का? भर दुपारी कशाला फोन?"

"माय, मी वाकळवालीकडे आले. तिचे पैसे मी दिलेच नव्हते."

पलीकडे भावाच्या घरातला टीव्ही ऐकू येत होता. मग माय म्हणाली, "आन् मी पोरांफुडं एवढी वरसं..." मग म्हणाली, "हाय का ती तिथं?"

"हाय," वाकळवाली म्हणाली.

"बाई, लई बोलले मी तुला."

"बोललीस खरी. ठिगळांचं बोललीस ते अजून ध्यानात हाय माझ्या."

"तोंडच वाईट हाय माझं."

"शेंगा बऱ्या हुत्या. मीठ बरूबर पडायचं." मग रुमालाची गाठ सोडून तिनं पैसे मोजले आणि फोनकडे तोंड करून म्हणाली, "तुझी पोरगी पंच्यान्नव देऊन राहिली बघ."

"पंच्यान्नव?" मायचा आवाज चढला, तोच जुना फलाटावरचा. "पाचाचा पुडा मी लगनसराईत करायचे. तवा तीनाचा हुता. सत्त्यान्नव बांधून दिले हुते मी हिच्याकडं."

"तेच म्हन्ते मी," वाकळवाली म्हणाली.

मी पिशवी पालथी केली. एसटीचं तिकीट, गोळ्यांचं पाकीट, किल्ली. तळाला दोन रुपयांचं एक नाणं होतं. ते मी तिच्या हातावर ठेवलं. तिनं ते नोटांवर ठेवलं, रुमालाची गाठ मारली आणि कनवटीला खोचली.

"फिटले गं," ती फोनमध्ये म्हणाली, आणि खाली वाकून सुई शोधू लागली.