भाऊबिजेच्या भावाचं इंजेक्शन

लखनौत मला सख्खं कोणी नाही. नवऱ्याची बँकेतली बदली झाली आणि आम्ही विकास नगरात येऊन पडलो. मराठी मंडळातल्या एका गृहस्थांना मी अकरा वर्षं भाऊबिजेला ओवाळलं. आठवलं की अंगाचा तिळपापड होतो! औषधं पुरवण्याचा त्यांचा धंदा. घरात साधा खोकला झाला तरी आधी फोन त्यांनाच. मराठी माणूस, त्यातून भाऊ, मग डॉक्टरला कशाला विचारायचं? एवढी माझी अक्कल.

गेल्या हिवाळ्यात उजवा खांदा आखडला. वेणी घालता येईना, ब्लाउजचं हूक लावायलाही नवऱ्याला हाक मारायची. रडूच यायचं. भाऊंनी छोट्या बाटल्या आणल्या, तळाशी पांढरी पावडर. "ताई, पाणी घालून टोचायचं. पेप्टाइड आहे हे. तुम्ही रोज घेता ते इन्सुलिनही पेप्टाइडच की! पंधरा दिवसांत हात वर जातो की नाही बघा." बाटलीवर लेबल नव्हतं. मी विचारलं, तर म्हणाले, "माझ्यावर विश्वास नाही का?" मी मेली उलट लाजले.

नवव्या दिवशी पोटावर टोचलेल्या जागी गळू आलं. ताप चढला, साखर आवरेना. दवाखान्यात चिरा देऊन पू काढावा लागला. डॉक्टरीणबाई भडकल्याच. "इंसुलिन भी पेप्टाइड है, मगर उसकी बरसों जाँच हुई है, डोस तय है. इसकी जाँच किसने की? आपने?" तरी मी मनातून भाऊंचीच बाजू घेत होते. त्यांनाही कुणीतरी फसवलं असेल, बिचारे!

चिरा दिल्याच्या चौथ्या दिवशी भाऊंची बायको मुगाच्या खिचडीचा डबा घेऊन आली. ते स्वतः आले नाहीत, कामात आहेत म्हणे. वहिनींचाही खांदा कधीचा धरलेला. डबा त्या एका हातानंच उघडत होत्या. मला त्यांचीच काळजी वाटली. म्हटलं, "वहिनी, तुम्ही तरी त्या बाटल्या आता बंद करा बाई."

"अहो, मी कुठे घेते?" त्या सहज म्हणाल्या. "मागितल्या होत्या मी. हे खेकसलेच माझ्यावर. म्हणाले, अजून कुणा माणसाला देऊन बघितलेलं नाही, घरच्यांना कसं देऊ?"