आत बसून भांडणाऱ्या कांबळेबाई

भट्टीतला रस ओतायची वेळ झाली होती आणि फोन वाजला. एकदा लोखंडाचा रस तयार झाला की फौंड्रीत कुणी कुणासाठी थांबत नाही. तो साच्यात गेलाच पाहिजे, नाहीतर वाटेतच गोठतो. पलीकडून कांबळेबाईंची धाकटी बहीण सुजाता एवढंच म्हणाली, "चौगुलेसाहेब, आक्का गेली... सकाळी चहा पिता पिता." मी "येतो" म्हणालो आणि शेवटचा साचा भरेपर्यंत तिथंच उभा राहिलो. डोक्यात एकच विचार घोळत होता, आज सांगतानाही जरा विचित्र वाटतो... कोपनहेगनची हवामान परिषद अजून संपलेली नाही आणि बाई निकाल न ऐकताच गेल्या!

प्रा. यशोधरा कांबळे कॉलेजात राज्यशास्त्र शिकवायच्या. माझी थोरली मुलगी त्यांची विद्यार्थिनी, त्यामुळं नाव ऐकून होतो. पण खरी ओळख झाली ती भांडणातून. हवामानावरचा क्योटोचा करार नुकताच झाला होता तेव्हाची, म्हणजे अठ्ठ्याण्णवच्या हिवाळ्यातली गोष्ट. कोल्हापुरात शाहूपुरीतल्या एका वाचनालयानं जाहीर वादविवाद ठेवला: 'भारताने या करारात सामील व्हावे काय?' विरोधात बोलायला उद्यमनगरातल्या आम्हा फौंड्रीवाल्यांमधून मला उभं केलं. बाजूनं बोलायला कुणीच तयार होईना, तेव्हा बाई म्हणाल्या, मी बोलते.

माझी त्या वेळची भट्टी कोकवर, म्हणजे भाजलेल्या दगडी कोळशावर चालायची. कराराचं जेवढं वाचलं होतं त्यावरून मनानं घेतलं होतं की आज श्रीमंत देशांवर बंधनं येतायत, उद्या तीच आमच्या धुराड्यावर येणार. मी तावातावानं बोललो. "शंभर-दीडशे वर्षं जेवण त्यांनी केलं, आणि खरकटं आम्ही काढायचं?" या वाक्याला हॉल डोक्यावर घेतला लोकांनी. बाई उठल्या तेव्हा मागून कुणीतरी ओरडलं, "अमेरिकेची वकिली नको!" बाईंनी चष्मा वर सरकवला आणि शांतपणे म्हणाल्या, "पावणं, जरा दम धरा की. मी माझ्या बापाची वकिली करायला उभी हाय."

मग त्यांनी शाहूवाडी तालुक्यातली गोष्ट सांगितली. त्यांचं गाव डोंगरातलं, भाताचं. वडिलांनी बौद्ध धम्म स्वीकारला तेव्हा बाई लहान होत्या. ओढ्याच्या पाण्याच्या पाळ्या चावडीवर ठरायच्या. यांच्या वाट्याचं भाताचं खाचर होतं, पण चावडीवर जागा नव्हती. वडील खाली उभे राहायचे आणि वर काय ठरलं ते उठून जाणाऱ्यांना विचारायचे. एका वर्षी ते पायऱ्या चढून वर गेले आणि सगळ्यांच्या बरोबरीनं बसले. गलका झाला. ते म्हणाले, "पाणी मिळूदे, न मिळूदे. माझ्या पाण्याचं ठरताना मी हितं बसणार."

"मिळालं का पाणी?" हॉलमधून कुणीतरी विचारलं.

"त्या वर्षी न्हाई मिळालं," बाई म्हणाल्या. "पीक वाळलं. पण पुढच्या वर्षी बैठक बोलावताना त्यांना निरोप धाडावा लागला. चौगुले म्हणतात ते सगळं खरं हाय. जेवण त्यांनीच केलंय. पण हे त्यांच्या तोंडावर म्हणायचं असेल तर आत जायला पाहिजे. बाहेर उभं राहून बोललेलं आतल्यांना ऐकू जात नाही, हे आमच्या घराला माहीत हाय."

हात वर करून मतदान झालं. बाईंच्या बाजूनं मोजके हात वर आले, त्यातला एक माझ्या मुलीचा! मी जिंकलो होतो. खाली उतरताना बाई माझ्याजवळ आल्या. मला वाटलं, आता काहीतरी खोचक बोलणार. तर म्हणाल्या, "खरकट्याचं वाक्य झकास होतं. हरलेल्याला चहा पाजायची पद्धत हाय का न्हाय तुमच्याकडं?" त्या चहाला आम्ही बसलो ते टपरीवाल्यानं फळ्या लावायला घेतल्या तेव्हा उठलो. तेव्हापासून आमचं भांडण चालू झालं आणि पुढं जवळजवळ बारा वर्षं चाललं.

एकदा त्या मला आपल्या गावी घेऊन गेल्या. मी वाटेत गाडीत माझं आवडतं तुणतुणं वाजवत होतो: माणशी हिशोब काढला तर अमेरिकेचा माणूस कुठं आणि आपला कुठं, आपण धूर करतोच किती! बाई "बरोबर हाय" म्हणत होत्या. घरी पोचलो. भावाची बायको चुलीशी बसली होती, डोळे लाल झालेले. वाडीत विजेचे खांब येऊन उभे होते, तारा आलेल्या नव्हत्या. बाईंनी माझी ओळख करून दिली, तशी वहिनींनी मला सरकारी माणूस समजून विचारलं, "साहेब, लाईट कवा यायची ओ आमच्यात?" मी काहीतरी सारवासारव केली. परतताना बाई म्हणाल्या, "माणशी हिशोब मांडताना तुम्ही आमच्या वहिनीला धरता. तिच्यामुळं आपला आकडा खाली येतो. मग वीज वाटताना ती कुठं जाती?"

मीही काही कच्च्या गुरूचा चेला नव्हतो. म्हटलं, "बाई, वहिनींना वीज द्यायची तर कुठंतरी कोळसा जाळायलाच पाहिजे. करारात शिरल्यावर तो कोण जाळू देणार?"

"व्हय की. म्हणूनच तर तिच्या वाटणीचं तिथं जाऊन मागायचं. तिच्या वाटणीचं, चौगुले. तुमच्या-माझ्या फ्रीजचं नव्हं."

आंबा-विशाळगडाच्या डोंगरांकडं पाठ करून आम्ही खाली आलो. पुढं गरीब देशांची बाजू मांडताना मी जपून बोलायला लागलो. बाजू सोडली नाही, पण वहिनींचा उल्लेख करायचा तर मग न आलेल्या तारांचाही करायला लागतो, हे कळलं.

अमेरिकेनं दोन हजार एक साली क्योटोला नकार दिला तेव्हा मी सरळ कॉलेजात गेलो. "बघा बाई, तुमची चावडी! मोठा पाटीलच उठून गेला." बाई स्टाफरूममध्ये पेपर समोर घेऊन बसल्या होत्या. मी त्यांना इतकं खचलेलं आधी कधी बघितलं नव्हतं. पेपर बाजूला सारून म्हणाल्या, "गेला तर गेला. त्याची जागा मोकळी राहील, ती सगळ्यांना दिसंल. चावडी तर मोडत न्हाई." मी हसलो होतो. पण चावडी मोडली नाही हेही खरंच. पुढच्या वर्षी आपल्या देशानं करार मान्य केला. बातमी आली त्या दिवशी मी वाट बघत होतो, बाई आता येतील आणि उट्टं काढतील. त्या आल्याच नाहीत. संध्याकाळी मीच फोन केला, तर म्हणाल्या, "आत गेलोय आपण आत्ता कुठं. भांडण तर सुरू व्हायचंय, पेढे कसले वाटताय?"

मला त्यांचं मोठेपण सगळ्यात जास्त दिसलं ते दोन हजार पाचच्या पुरात. पंचगंगा शाहूपुरीत शिरली होती. बाईंच्या तळमजल्यावरच्या घरात कंबरभर पाणी, पुस्तकांचा लगदा झालेला. पाणी ओसरल्यावर वाचनालयाचे सचिव त्यांच्याकडं आले. मी तिथंच होतो, भिजलेली कपाटं बाहेर काढायला माझी माणसं घेऊन गेलो होतो. सचिव म्हणाले, "बाई, आता तुमचं भाषण ठेवूया. त्या वेळी लोकांनी ऐकलं न्हाई. आता घराघरात पाणी शिरलंय, आता सगळे तुमच्या बाजूचे." खरंच होतं ते. त्या दिवशी बाईंनी नुसतं बोट आभाळाकडं केलं असतं तरी अख्खं कोल्हापूर त्यांच्यामागं गेलं असतं.

बाई चिखलाच्या हातांनीच उभ्या होत्या. म्हणाल्या, "भाषण करते. पण हा पूर हवामान बदलामुळंच आला असं मी म्हणणार न्हाई. एका पुरावरून मला तसं सांगता येत न्हाई."

"अहो, पण लोकांना तसंच वाटतंय."

"लोकांना वाटतंय म्हणून मी सांगितलं, तर उद्या दोन वर्षं पाऊस कमी झाल्यावर तेच लोक मला खोटी म्हणतील. आणि बरोबर म्हणतील."

भाषण झालं. बाई बोलल्या त्या ओढे बुजवून उभ्या केलेल्या इमारतींवर, नदीच्या हद्दीत घातलेल्या भरावावर. पहिल्या रांगेतले दोन पाहुणे मधेच उठून गेले. शेवटी त्या म्हणाल्या, असे पाऊस पुढं वाढतील अशी शक्यता शास्त्रज्ञ सांगतायत, म्हणून जगाशीही बोलायचं आणि महापालिकेशीही. एकाच्या नावानं दुसऱ्याला सोडायचं नाही. टाळ्या फारशा पडल्या नाहीत. मी मात्र घरी येऊन बायकोला म्हणालो, "या बाईबरोबर भांडण्यात राम आहे. ही खोटं बोलून जिंकणार नाही."

मधल्या काळात मी कोकची भट्टी काढून विजेवरची बसवली. बाहेरचे खरेदीदार तशी अट घालायला लागले होते आणि माल चांगला निघत होता. मोठ्या हौसेनं बाईंना दाखवायला बोलावलं. त्यांनी वर बघितलं, धूर नव्हता. "छान केलंत," म्हणाल्या. मग जाता जाता, "ही वीज कशावर तयार होती हो?" आता कोळसा दुसरीकडं जळत होता, हे मलाही ठाऊक होतं. पण ऐन कौतुकाच्या वेळी विचारायला कांबळेबाईच पाहिजेत!

आता शेवटची भेट. गेल्या डिसेंबरच्या सुरुवातीला, कोपनहेगनच्या तोंडावर, आपल्या सरकारनं जाहीर केलं की उत्पादनाच्या मानानं होणारा धूर आपण आपणहून कमी करू. वाचनालयानं पुन्हा वादविवाद ठेवला. या खेपेला मी सरकारच्या बाजूनं. स्वतःच्या भट्टीत करून बघितलं होतं, जमतं हे माहीत होतं. आणि बाई विरोधात! बाजू बदलली का, असं मी फोनवर विचारलं, तर फटकारलं त्यांनी, "मी हाय तिथंच हाय. तुम्हीच इकडून तिकडं गेलाय."

व्यासपीठावर चढताना त्यांना दम लागत होता. सुजातानं हात दिला, तो त्यांनी झटकला. बोलायला लागल्या तेव्हा मात्र आवाज तोच. "बारा वर्षांपूर्वी चौगुले इथंच म्हणाले होते, जेवण त्यांनी केलं, खरकटं आम्ही काढायचं? मी म्हटलं होतं, पंगतीत बसा आणि मग बोला. आता आपण पंगतीत बसलोय. क्योटोनं श्रीमंतांवर जी बंधनं घातली ती सोडून पळायला ते टपलेत. आणि हेच चौगुले आता पदर खोचून म्हणतात, थांबा, आधी मी भांडी घासतो!" हॉल हसून लोळला. मीही हसलो. मग माझी पाळी आली. मी म्हणालो, ते पळाले म्हणून आपलं घर घाण ठेवायचं का? आपण करून दाखवलं तर आतल्या बैठकीत आपला शब्द जड होईल, हे बाईंनीच मला शिकवलंय. आता टाळ्या मला मिळाल्या, आणि बाईंनीही टेबलावर हात आपटला.

मतदानाला हॉल बरोबर मधोमध फुटला. अध्यक्ष म्हणाले, पुन्हा मोजूया. बाई म्हणाल्या, "नका मोजू. अर्धी माणसं अर्ध्यांशी भांडत घरी जातील, यापेक्षा चांगला निकाल कुठला?" पायऱ्यांशी त्यांचा निरोप घेतला. म्हणाल्या, परिषदेचं काय होतंय बघू, मग बसू. बसणं झालं नाही. हृदय अशक्त झालंय, हे त्यांनी घरच्यांशिवाय कुणाला कळू दिलं नव्हतं.

कोपनहेगनमध्ये पुढं काय झालं ते वाचकांना माहीतच आहे. मोजक्या देशांनी बसून एक मसुदा केला, आपला देश त्या खोलीत होता. आणि परिषदेनं तो मसुदा स्वीकारला नाही, नुसती नोंद घेतली. कोण बरोबर ठरलं म्हणायचं? आपण आत होतो, म्हणजे बाई जिंकल्या. श्रीमंतांवर नवं बंधन आलं नाही, म्हणजे बाईंची भीतीही खरी झाली. मला विचाराल तर त्या दोन्हीकडून जिंकल्या, आणि हे त्यांना सांगून चिडवायचं राहून गेलं.

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला त्यांच्या घरी गेलो. वंदना झाली, जेवणं झाली, मंडळी पांगली. मी सुजाताचा निरोप घ्यायला थांबलो होतो. बाहेरच्या खोलीतून चढे आवाज येत होते. मला वाटलं, घरच्यांची काही कुरबुर. दारात जाऊन बघतो तर बाईंच्या दोन विद्यार्थिनी समोरासमोर बसलेल्या, एक वकील झालेली, दुसरी अजून शिकणारी. एकीचं म्हणणं, आपण त्या मसुद्याला हो म्हणायलाच नको होतं. दुसरीचं, नाही म्हणून जाणार कुठं? दोघींचेही डोळे रडून सुजलेले, आणि दोघीही हातवारे करून भांडत होत्या.

सुजाता माझ्यामागं येऊन उभी राहिली. "मघापास्नं हेच चाललंय," ती म्हणाली. "गप करू का?"

"नको, नको," मी म्हणालो.

तिनं एक खुर्ची पुढं ओढली. मी बसलो, आणि पहिलंच वाक्य असं बोललो की त्या दोघीही एकदम माझ्यावर तुटून पडल्या.