पुलाचा चढ आणि नारळाचं पाणी

दसऱ्याच्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास चिंचपोकळीच्या पुलावर माझ्या इलेक्ट्रिक सायकलची मोटर बंद पडली. मी लालबागहून गिरगावला परतत होतो. चढ निम्मा झाला होता आणि मागे बस होती.

जूनमध्ये माझ्या हृदयाच्या एका रक्तवाहिनीत स्टेंट घातला होता. गणपती झाल्यावर डॉक्टरांनी सायकलला परवानगी दिली, तीही सायकलला मोटर आहे म्हणून. पायडल मारायचं, पण जोर मोटरचा. त्यांची अट साधी होती. चालवताना एक पूर्ण वाक्य मध्ये न थांबता बोलता आलं पाहिजे. बोलताना धाप लागली की उतरायचं. वजन उचलणं आणि स्वतःच्या जोरावर चढ चढणं सध्या बंद. पुढची तपासणी दिवाळीनंतर.

बायकोने स्वतःची एक अट जोडली. जिथे थांबशील तिथून फोटो पाठवायचा. त्यासाठी घरच्यांचा ग्रुप होता. त्यात आम्ही दोघं, बंगळुरूची मुलगी आणि लालबागला राहणारी माझी थोरली बहीण.

पहिल्या दिवशी फणसवाडीतून चौपाटीपर्यंत गेलो आणि परत आलो. वाळू साफ करणारं यंत्र नुकतंच फिरून गेलं होतं. त्याच्या दात्यांच्या सरळ रेघा पाण्यापर्यंत गेल्या होत्या आणि त्यांवर एकाच कुत्र्याची पावलं होती. फोटो पाठवला. ओळ लिहिली : गिरगाव चौपाटी, सकाळ, भरती उतरलेली. मी आयुष्यभर बातम्यांच्या टेबलावर काम केलं. फोटोखाली ओळ नसली तर तो अर्धा वाटतो.

मग अंतर वाढत गेलं. हाजीअलीला भरतीच्या वेळी दर्ग्याची वाट पाण्याखाली होती आणि ती उघडी पडायची वाट बघत माणसं कठड्यावर बसली होती. वरळीला कोळीवाड्यासमोर होड्या एकाच दिशेला तोंड करून उभ्या. माहीमच्या रेतीबंदरावर जाळी वाळत होती आणि जाळ्यांतून सागरी पुलाच्या तारा दिसत होत्या. एकदा दादरच्या फुलबाजारावरून पुढे निघालो आणि अँटॉप हिलपर्यंत गेलो. तिथल्या सरकारी वसाहतीतले रस्ते रुंद आणि सकाळी रिकामे असतात. दोन्ही बाजूंना पर्जन्यवृक्ष आहेत. त्या सावलीत सायकलचा आवाजसुद्धा ऐकू येत नव्हता. आजारपणानंतर पहिल्यांदा मी छातीकडे लक्ष न देता काही अंतर गेलो. हे नंतर, घरी आल्यावर लक्षात आलं.

बहिणीचं उत्तर व्हॉइस मेसेजमध्ये येई. ती घरात अजून मालवणीच बोलते.

"माणसां खंय आसत तुझ्या फोटोत? नुसतो दर्यो दाखयतंस."

मुलगी तिला म्हणाली, "आत्या, बाबा माणसांचे फोटो परवानगीशिवाय काढत नाहीत."

"मगे माका इचार. मी देतंय परवानगी."

जूनपूर्वी ती मला 'मेल्या' म्हणायची. आमच्याकडे तो लाडाचा शब्द आहे आणि मी तो लहानपणापासून ऐकत आलोय. हॉस्पिटलमध्ये ती भेटायला आली तेव्हापासून तिने तो एकदाही वापरला नव्हता.

दसऱ्याला तिच्या चाळीत गाड्यांची पूजा होते. सकाळीच अंगणात स्कूटर, मोटरसायकली धुऊन ओळीने उभ्या असतात. ज्याची गाडी त्याच्या घरातली बाई ताट घेऊन खाली येते. माझी सायकल नवी होती, म्हणून ती ओळीत पहिली लावली. शेजारचे गृहस्थ आपल्या स्कूटरला झेंडूची माळ बांधत होते. ते म्हणाले, "बॅटरीवर चालते म्हणजे खेळण्यासारखी मागून चावी द्यावी लागत असेल."

बहीण ताट घेऊन सायकलभोवती एक फेरी फिरली. स्कूटरची पूजा कुठे करायची हे तिला माहीत होतं. इथे तिला काही सापडेना.

"हेचा इंजिन खंय रे?"

मी नीट समजावून सांगितलं. मोटर मागच्या चाकाच्या मध्यभागी आहे. बॅटरी पुढच्या तिरक्या दांडीवर, ह्या काळ्या डब्यात. वायर इथे जोडली जाते. डब्याच्या बुडाशी रबराचं झाकण होतं, तेही उघडून दाखवलं. मग तिने बरोबर तिथेच हळद-कुंकू वाहिलं. पुढच्या चाकासमोर नारळ फोडला, अर्ध्या करवंटीतलं पाणी चाकावर शिंपडलं आणि उरलेलं सगळं त्या झाकणापाशी ओतलं. जिथे जीव तिथे पाणी, असा तिचा हिशोब असावा. तिने हात जोडले, ते बराच वेळ जोडलेलेच होते. मी झाकण लावलं. मला त्यात काहीच वावगं वाटलं नाही. आमच्याकडे नव्या गाडीवर नारळाचं पाणी नेहमीच घालतात.

चहा घेतला, आपट्याची पानं खिशात टाकली आणि निघालो. पुलाच्या पायथ्याशी मोटर एकदा अडखळली. चढ निम्मा झाल्यावर हँडलवरचा दिवा गेला आणि सायकल एकदम जड झाली. ती साध्या सायकलीपेक्षा बरीच जड आहे, हे मला तोवर फक्त माहीत होतं.

थांबायला जागा नव्हती. डावीकडे कठडा, उजवीकडे टॅक्सींची रांग, सगळ्यांच्या बॉनेटवर माळा. मागून बसने हॉर्न दिला. मी उतरलो असतो तर तो जड सांगाडा ढकलत न्यावा लागला असता. त्याला पायडलइतकाच जोर लागला असता, किंवा जास्तच. मी पायडल मारत राहिलो. जूनमध्ये दुखणं आधी जबड्यात आलं होतं आणि मग डाव्या हातात उतरलं होतं. मी जबड्याकडे लक्ष ठेवलं. मग वाक्याची अट आठवली आणि मी मोठ्याने म्हणालो, "दसऱ्याच्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास चिंचपोकळीच्या पुलावर माझ्या सायकलची मोटर बंद पडली."

वाक्य एका दमात पुरं झालं.

शेजारच्या टॅक्सीवाल्याने काच खाली केली. "काका, किससे बात कर रहे हो?"

"डॉक्टरशी."

त्याने माझ्या कानाकडे पाहिलं. तिथे काही नव्हतं. "लगे रहो," असं म्हणत त्याने गाडी थोडी बाजूला घेतली आणि मला जागा दिली.

पुलाच्या माथ्यावर कठड्याला सायकल टेकवून उभा राहिलो. घाम आला होता, श्वास जोरात चालला होता. जबडा ठीक होता. हातही ठीक. खाली रुळांपलीकडे गिरणीची एक चिमणी, तिच्या दोन्ही बाजूंना काचेचे टॉवर. थांबलो होतो, म्हणून फोटो पाठवला. ओळ : चिंचपोकळी पूल, ऊन, मोटर बंद.

लगेच बायकोचा फोन आला.

"चढ कसा चढलास?"

"पायडल मारून."

"छातीत काही?"

"नाही."

"जबडा?"

"नाही."

"एक मोठं वाक्य बोल."

मी तेच वाक्य पुन्हा बोललो. मग ती म्हणाली, "तिथेच थांब. पाणी पी. सायकलला हात लावू नकोस."

ती टॅक्सीने आली. आधी माझ्याकडे पाहिलं, मनगट धरून नाडी पाहिली आणि मग बॅटरीच्या डब्यावरून ओघळून वाळलेल्या कुंकवाकडे पाहिलं. "ताईंनी पूजा मनापासून केलेली दिसते," ती म्हणाली. आम्ही दोघं सायकल धरून उतारावरून सात रस्त्यापर्यंत चालत गेलो. उतारावर सायकलला काही जोर लावावा लागत नव्हता.

संध्याकाळी बहिणीने माझ्या मुलीकडून सगळं ऐकलं. तिने मला फोन केला नाही. ग्रुपवरही काही आलं नाही. दसऱ्याचं सोनं द्यायला तिचा मुलगा आला तेव्हा म्हणाला, "आई जेवली नाहीये. म्हणते, मी भावाच्या गाडीचा जीव घेतला, त्याचाही घेतला असता." मी तिला फोन लावला. तिने उचलला. पूजेत चूक नव्हती, झाकण मीच उघडून दाखवलं होतं, असं मी सांगितलं. ती "बरां" म्हणाली आणि फोन ठेवला.

दुकानातल्या मेकॅनिकने डबा उघडण्याआधीच विचारलं, "दसरा का?" त्याच्याकडे त्या आठवड्यात अशा आणखीही सायकली होत्या. जोडणीच्या पितळी टोकांवर हळदीचा थर बसला होता. त्याने ती साफ केली, वाळवली, एक वायर बदलली. बॅटरी शाबूत होती.

बायकोने तपासणीची तारीख दिवाळीआधी आणवली. ट्रेडमिलवर चढवलं, छातीला तारा लावल्या, पट्टा हळूहळू वर उचलत नेला. बाहेरच्या बाकावर ती पर्सची चेन उघडत आणि लावत बसली होती, असं तिने नंतर सांगितलं. डॉक्टरांनी कागद बघितला, पुलाची हकिकत ऐकली. "हे तुम्ही करायला नको होतं," ते म्हणाले. "पण हृदयाने ते नीट केलं आहे. रिपोर्ट नॉर्मल. सपाट रस्त्यावर अधूनमधून मोटर बंद ठेवून चालवायला हरकत नाही."

लिफ्टपाशी बायको म्हणाली, "एक वाक्य बोल."

"भूक लागली आहे."

"हे लहान झालं," ती म्हणाली आणि हसली. जूनपासून ती हॉस्पिटलच्या इमारतीत हसली नव्हती.

मी रिपोर्टचा फोटो ग्रुपवर टाकला. ओळ लिहिली नाही. काही मिनिटांनी बहिणीचा व्हॉइस मेसेज आला.

"मेल्या, पुढच्या दसऱ्याक नारळ मोरीत फोडतलंय. तुझी सायकल लांब ठेव."

रविवारी सकाळी मी चिंचपोकळीचा पूल पुन्हा चढलो. मोटर चालू होती. वर न थांबता लालबागला उतरलो आणि बहिणीच्या दारातून फोटो पाठवला. फोटोत ती आहे.