दुसऱ्या सार्वमताची वाट

कॅलम गेल्याचा फोन त्याच्या थोरल्या भावाने ग्लासगोहून केला. स्कॉटलंडच्या स्वातंत्र्याविरुद्ध मत दिलं म्हणून कॅलमने ज्याच्याशी बोलणं टाकलं होतं, तोच हा भाऊ. ताईने सगळं ऐकून घेतलं आणि फोन माझ्या हातात दिला...

कॅलम माझ्या ताईचा नवरा. स्कॉटलंडहून हजारो मैल दूर, इकडे तुआसच्या जहाजांच्या गोदीत आम्ही दोघे मरीन इंजिनियर. बुकित पंजांग भागातल्या आमच्या फ्लॅटवर त्याला जेवायला पहिल्यांदा मीच घेऊन आलो. पुढे लग्न झालं, आमटी-भात त्याला माझ्याहून जास्त आवडू लागला. पण स्कॉटलंडने वेगळं व्हावं का यावर सार्वमत आलं आणि मताचा हक्क फक्त तिथे राहणाऱ्यांना मिळाला. "ग्लासगोतल्या आमच्या गल्लीतला पोलिश सुतार मत देणार आणि मी नाही!" तो टेबलावर हात आपटत म्हणाला. त्याची बाजू हरली. मग ब्रिटन युरोपातून बाहेर पडलं, पुन्हा सार्वमत घ्या अशी मागणी उठली आणि कॅलम नोकरी सोडून ग्लासगोला राहायला निघाला.

"मत देतो आणि परत येतो," तो म्हणाला.

"आणि मतदान झालंच नाही तर?" ताईने विचारलं.

ग्लासगोत भाड्याच्या खोलीत तो राहिला. दर निवडणुकीला तिथले पुढारी म्हणत, आता फार लांब नाही. लंडन म्हणे, इतक्यात नाही. शेवटी कोर्टाने सांगितलं, लंडनच्या संमतीशिवाय सार्वमत घेता येणार नाही. ताईने त्याच दिवशी फोन लावला. "दार लागलं रे आता, ये परत."

"लागलंय, पण कुलूप नाही घातलेलं," तो म्हणाला. खरं तर त्याला भीती वाटायची... आपण इकडे परतायचं आणि तिकडे मतदान जाहीर व्हायचं. त्या भीतीपायी तो तिथेच राहिला; इकडे लेकीचं कॉलेज संपलं, ताईचे केस पिकले. एका सकाळी त्या खोलीतच त्याचं हृदय थांबलं.

लोक म्हणतात, तत्त्वासाठी जगला. म्हणोत. मला पुढाऱ्यांचा राग येतो, लंडनचा येतो, आणि सगळ्यात जास्त त्याचा येतो. देश त्याला मिळाला नाहीच, संसार मात्र हातचा गेला.

परवा ताईकडे टीव्हीवर तीच चर्चा लागली होती, दुसरं सार्वमत घ्यावं की नाही. "चेंज लाह, ममा," चॅनल बदलायला सांगत भाची इथल्या बोलीच्या ढंगात म्हणाली. ताईने रिमोट दिला नाही. सोफ्याच्या कोपऱ्यातली त्याची जागा तशीच मोकळी ठेवून, अंग चोरून ती शेवटपर्यंत बघत राहिली.

"घ्या म्हणावं आता सावकाश," ती म्हणाली. "आमच्या घरातून आता कोणी यायचं नाही."