हिलाल मिस्त्रीचा कान

चाळीस वर्षांपूर्वी भडगावजवळ आमच्या तमाशाच्या फडाचा ट्रक घूं घूं करू लागला. रात्रीचा खेळ लागलेला, तिकिटं विकलेली. तेव्हा एक विशीतला पोरगा केबिनमध्ये चढला, डोळे मिटून किलोमीटरभर बसला आणि म्हणाला, "मांगलं उजवं चाक. बेअरिंग गयं." चाक खोललं, तर खरंच बेअरिंगच्या गोळ्यांचा भुगा झालेला. खेळ वेळेवर उभा राहिला. मी भरल्या रंगमंचावर राजाचा शेला काढून त्याच्या खांद्यावर टाकला. तो म्हणाला, "हाऊ हात पुसाले नको, जास्त चांगला शे!" मंडळी, एवढं हसू मला माझ्या कुठल्याच वाक्याला मिळालं नाही.

तोच हा हिलाल. एरंडोलहून पद्मालयाकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्याचं पत्र्याचं गॅरेज आहे. लांबलांबून लोक त्याच्याकडे गाडी दुरुस्त करायला कमी आणि आवाजाचं नाव विचारायला जास्त यायचे. चाक घुमतं ते टायरमुळे की बेअरिंगमुळे, हे भल्याभल्यांना कळत नाही. त्याला कळायचं. मलाही त्यानंच शिकवलं होतं, "नाना, रस्ता गुळगुळीत झाया की टायर गप बसस. बेअरिंग गप बसत नही."

यंदाच्या माघात माझी जुनी गाडी घुमू लागली. मी सकाळीच त्याच्याकडे गेलो. त्यानं गाडी चालवायला घेतली, मी शेजारी. साठचा वेग आला आणि पुढून आवाज सुरू झाला.

"टायरना शे," हिलाल म्हणाला.

पुढे नव्या डांबराचा तुकडा लागला. चाकांखालची खरखर थांबली. घूं घूं तशीच. मी म्हणालो, "अरे, रस्ता तर गुळगुळीत झाला की!"

त्यानं माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांकडे नाही, ओठांकडे. विंगेतला माणूस वाक्य सांगायला लागला की मी त्याच्याकडे असाच बघायचो. मग मला एकेक आठवायला लागलं. फोन वाजला की हिलाल म्हणायचा, "तुम्ही बोला, मना हात तेलकट शेतस." कुणी मागून हाक मारली, तर वळायचा नाही. आम्ही म्हणायचो, मिस्त्री वयानं शिष्ट झाला.

त्यानं गाडी कडेला घेतली. "नाना, देवनी आन. आवाज शे का?"

"शे."

"माले नही आला." त्याचे हात स्टिअरिंगवरच होते. "सकाळी भाईदासनी जीप आनेल व्हती. मी चालाडी दखी आन टायरना आवाज शे म्हनी दिधं."

भाईदास भाड्यानं जीप चालवतो. त्या दिवशी तो साखरपुड्याच्या बाया घेऊन शिरपूरला निघाला होता. निघून अर्धा तास झालेला. पुढे धुळ्यापर्यंत हमरस्ता, त्यावर ट्रकांची रांग, आणि जीपमध्ये नऊ माणसं. तापलेलं बेअरिंग अडकलं तर चाक निसटतं, हे मला सांगायची गरज नव्हती.

मी फोन लावला. भाईदासनं स्पीकर सुरू केला असावा, बायांची गाणी ऐकू येत होती.

"भाईदास, गाडी थांबव. बेअरिंगचा आवाज असेल."

"नाना, नाटक नका करा!" गाणी थांबली, बाया हसल्या. "हिलालनी सोता चालाडी दखी. तुम्ही हिलालपेक्षा मोठा मिस्त्री कधी झाया?"

जन्मभर खोटं खरं करून दाखवलं मी. त्या दिवशी खरं बोललो, तर ते नाटक ठरलं. मी हिलालला खुणेनं सांगितलं, तो मानत नाही.

हिलालनं फोन घेतला. तो कानाला न लावता तोंडासमोर धरला. पलीकडे कोण आहे, काय म्हणतंय, काहीच त्याला कळणार नव्हतं.

"भाईदास, मी हिलाल. माले ऐकू येस नही. वरीस व्हई गयं, कोनले सांगं नही. सकाळी तुनी गाडीना आवाज माले आला नही, मी अंदाजे बोलनू. गाडी उभी कर. बठ्ठा बायासले खाले उतार." मग तेच पुन्हा. तिसऱ्यांदा बोलताना पलीकडून भाईदासचं "थांबनू, थांबनू" ऐकू आलं. मी हिलालच्या मनगटाला हात लावून म्हणालो, "थांबला रे तो."

माझी गाडी हळूहळू गॅरेजवर आणून, बेअरिंगचा जोड आणि ग्रीसचा डबा घेऊन आम्ही हिलालच्या मोटरसायकलवर निघालो. बहात्तराव्या वर्षी मांडीवर जॅक घेऊन मी मागे बसलो होतो. पारोळ्याच्या अलीकडे बाया लिंबाखाली बसलेल्या दिसल्या. कुणी गात नव्हतं.

पुढच्या उजव्या चाकाजवळ जळक्या ग्रीसचा वास होता. हिलालनं जॅक लावला, चाक वरखाली धरून हलवलं. ते खळखळ हललं. त्यानं दुसऱ्या चाकांनाही हात लावून पाहिलं, मग हे खोललं. आतल्या बेअरिंगचा पिंजरा तुटलेला, रोलर तापून निळे पडलेले.

हिलालनं बेअरिंगचे जुने कप ठोकून काढले, नवे बसवले. तळव्यानं रोलरमध्ये ग्रीस दाबलं, नट आवळून थोडा सैल केला, पिन घातली. मग चाक फिरवून कितीतरी वेळ त्यावर हात ठेवून राहिला. पूर्वी एकदा ऐकून उठणारा माणूस चार-चारदा तपासत होता.

वच्छलाबाई, नवरीची आजी, म्हणाली, "खरं सांगं ते बरं करं रे भाऊ." तिची पाठ त्याच्याकडे होती. त्याला कळलं नाही.

निघताना भाईदास माझ्याजवळ आला. हिलाल चार पावलांवर हत्यारं गोळा करत होता, तरी भाईदास हळू बोलला नाही. "नाना, त्याना उपकार शेतस. पन आते पुढे मी गाडी दुरुस्तीले जळगावलेच नेसू. मांगे पोरंबायका बसतस."

जीप गेली. हिलालनं हात पुसत विचारलं, "काय म्हने तो?"

मी हसून वेळ मारून न्यायला तोंड उघडलं.

"नाना, खरं सांगा."

मी सांगितलं. सावकाश, ओठ दिसतील असं. त्यानं सगळं बघितलं. "बरोबर शे त्यानं," तो म्हणाला. "मी व्हतू तर मीबी तेच करतू." मग जॅक उचलून माझ्या हातात दिला आणि मोटरसायकलला किक मारली. ती पहिल्याच किकेत सुरू झाली होती. त्यानं आणखी दोनदा मारली. मी त्याच्या पाठीवर थाप मारली, तेव्हा तो थांबला.